कावीळ, भुईआवळी आणि सात दिवसांचा हिशोब

आषाढ संपता संपता भुईआवळी बांधावर वीतभर होते. विहिरी-ओढ्यांत गढूळ पाणी मिसळून कावीळ पसरते तीही साधारण त्याच सुमाराला. औषध आणि आजार एकाच पावसात येतात, म्हणून अकोले-जुन्नरचे महादेव कोळी असोत, कर्जतचे ठाकर, पालघरचे वारली की नंदुरबारचे पावरा, काविळीचं नाव निघालं की पहिला हात याच झाडपाल्याकडे जातो. या औषधांबद्दल लिहिणारे बहुतेक जण दोन टोकांचे असतात. कुणाला सगळंच दिव्य वाटतं, कुणाला सगळंच थोतांड. दोघांनाही झाड ओळखता येत नाही, ही खरी अडचण.

तर आधी ओळख. आपल्याकडे भुईआवळी या एकाच नावाखाली चार-पाच जाती खपतात. औषधाला घेतात ती फिकट हिरवी, मऊ, फार तर गुडघ्याला लागेल एवढी. पानं चिंचेसारखी दोन ओळींत, आणि फांदी उलटी केली की पानांखाली बारीक देठाला लोंबणारी, गुळगुळीत, मोहरीहून थोडी मोठी फळं रांगेत दिसतात. तिची लालसर खोडाची बहीण शेजारीच उगवते. तिची फळं खरखरीत आणि देठाशिवाय फांदीला चिकटलेली. ती विषारी नाही, पण वैदू ती घेत नाहीत. खरी चूक होते ती दुधी नावाच्या तणाशी (दुधी भोपळा नव्हे). पान तोडल्यावर पांढरा चीक आला की ती भुईआवळी नव्हे, लगेच टाकून द्यायची. ही परीक्षा दोन सेकंदांची आहे आणि बाजारातून जुडी आणणारा ती कधीच करत नाही.

घेण्याची रीत साधी आहे. मुळासकट दोन-तीन झाडं, ओली असताना साधारण २० ते २५ ग्रॅम. माती पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांत धुवायची, मुळाच्या केसांत अडकलेली चिखलाची गोळी बोटाने काढायची. पाट्यावर दोन चमचे पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळायची. १५ ते २० मिलिलिटर रस निघतो. तो अर्धी वाटी ताज्या ताकात, सकाळी अनशापोटी. कुणी तीन दिवस देतो, कुणी पाच, बहुतेक सात. मोठ्या माणसाचं हे माप आहे. लहान मुलाला 'अर्धं द्या' असं सांगणारे भेटतात, पण मुलाचं वजन विचारणारा क्वचित.

बिघडतं कुठे? एक, जागा. गटाराच्या कडेची, रस्त्यालगतची, आणि हल्ली तणनाशक मारलेल्या बांधावरची भुईआवळी घेतली जाते. तणनाशक मारून चार दिवस झालेलं झाड नुसतं मलूल दिसतं. ऊन लागलं असेल म्हणून ते खपून जातं. दोन, पाणी. रस काढायला त्याच विहिरीचं पाणी वापरलं, ज्या विहिरीमुळे कावीळ आली. ताकातलं पाणीही तिथलंच. तीन, साठवण. पावसाळ्यात झाडं सावलीत वाळवायची म्हणजे चार-पाच दिवस हवेशीर जागी पातळ पसरून दिवसातून दोनदा उलटावी लागतात. घरात तेवढी जागा नसते, मग जुडी बांधून वळचणीला टांगतात. बाहेरून वाळते, आत बुरशी धरते. या बुरशीच्या काही जाती जे विष तयार करतात, त्याचा पहिला घाव यकृतावरच बसतो. म्हणजे यकृताचं औषध म्हणून घेतलेली पूड यकृतालाच खाते. हिरवा रंग गेला, कुबट वास आला किंवा आत पांढरी-राखाडी जाळी दिसली की ती जुडी चुलीत.

आता गुण येतो का? येतो, म्हणजे आल्यासारखा दिसतो, आणि त्यामागचा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ हिपॅटायटिस 'ए' किंवा 'ई' या विषाणूंची. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 'ए'ला सरासरी चार आठवडे लागतात, 'ई'ला त्याहून थोडे जास्त. पहिले काही दिवस ताप, मळमळ, अन्नाचा तिटकारा. तेव्हा कुणाला कावीळ वाटत नाही, तापाची गोळी दिली जाते. मग डोळे पिवळे होतात आणि गंमत अशी की नेमकं त्याच सुमाराला ताप उतरायला आणि भूक परतायला लागते. भगताकडे माणूस जातो तो डोळे पिवळे झाल्यावर, दोन-चार दिवस वाट पाहून. तिथून सात दिवस औषध. सातव्या दिवशी रोगी भाकरी मागतो. हे त्याच्या शरीराने केलेलं असतं. निरोगी माणसात या दोन्ही काविळी बहुतेक वेळा आपल्या आपण चार ते सहा आठवड्यांत बऱ्या होतात. पिवळेपणा तर सात दिवसांत जातही नाही, पण भूक आली की घरचे लोक औषध लागू पडलं म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. भूक हीच गावातली एकमेव मोजपट्टी आहे.

म्हणून भुईआवळी निरुपयोगी, असंही घाईने म्हणायला नको. हिपॅटायटिस 'बी'चा शोध लावून १९७६चं नोबेल मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग हे स्वतः या झाडामागे लागले होते. तेव्हाच्या मद्रासमध्ये 'बी'च्या वाहकांवर, म्हणजे हा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांवर, केलेल्या चाचणीचे आकडे १९८८ साली प्रसिद्ध झाले. ३० दिवस भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रथिन नाहीसं झालं. औषधाच्या नावाखाली नुसतीच बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाच्या. जगभर खळबळ उडाली. पुढे थायलंडमध्ये वाहकांवर तोच प्रयोग केला तर काहीच फरक पडला नाही, आणि नंतर सगळ्या चाचण्या एकत्र पडताळल्यावरही ठोस फायदा सिद्ध झाला नाही. झाडाची जात, जागा, काढणीची वेळ यामुळे फरक पडला असेल असा बचाव होतो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण त्या बचावावर 'बी'च्या रोग्याने आपली गोळी बंद करू नये. 'बी' आणि 'सी' या काविळी सात दिवसांच्या नव्हेत, त्या अंगात मुरल्या तर वीस-वीस वर्षं आत राहून यकृत आवळून टाकतात. भुईआवळीने 'डोळे साफ झाले' म्हणून हिंडणारे लोक त्यातच सापडतात.

बाकीच्या वनस्पती थोडक्यात. माका भाताच्या खाचरात भरपूर, पांढऱ्या बारीक फुलांचा. पान चोळलं की बोटं काळसर होतात. पिवळ्या फुलांचा माका वेगळा. रस पाच मिलिलिटरच्या आसपास, मध किंवा ताकातून. ओलं किराईत कोकणातल्या प्रत्येक जुन्या परसात असतं आणि पाच-दहा मिलिलिटर रसावर कुणी जात नाही, कारण त्या कडवटपणापुढे जाताच येत नाही. जास्त झालं तर उलट्या आणि भूक मरणं. उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, प्लीहा वाढल्यावर देतात, मूळ ताकात उगाळून. तिची ओळख मोठी सुंदर आहे: पर्णिका दोन्ही टोकांना धरून ओढली की ती आडवी न तुटता बाणाच्या पिसासारखी तिरकस, इंग्रजी 'व्ही'सारखी तुटते. पुनर्नवा, गावाकडची घेटुळी, हिच्यावर भिस्त असते ती पोट फुगल्यावर, पायाला सूज आल्यावर. मुळाचा काढा: २० ग्रॅम भरड, सोळा पट म्हणजे ३२० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर झाकण न ठेवता ८० मिलिलिटर उरेपर्यंत. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत आटवलेला काढा नुसतं गरम पाणी असतो. तिच्यासारखीच दिसणारी, मांसल पानांची आणि पानाच्या बेचक्यात एकेकटं फूल असणारी दुसरी वनस्पती पांढरी पुनर्नवा म्हणून विकली जाते. पुनर्नवेची फुलं लांब दांड्यावर झुबक्यात येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गुळवेलीबद्दल जरा थांबून. निंबावर चढलेली, अंगठ्याएवढी जाड, सालीवर बारीक पुटकुळ्या, आडवी कापली तर गाडीच्या चाकासारखे आरे, अशी वेल वैदू निवडतो. पिढ्यान् पिढ्यांचा वापर असा होता: ताप आला, काढा दिला, ताप गेला, बंद. २०२० साली करोना आला आणि ती वेल रोजच्या चहात गेली, महिनोन् महिने, प्रतिकारशक्तीसाठी. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृतदाह झाल्याची नोंद झाली. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रोगी एकत्र अभ्यासले गेले. त्यांच्या यकृताचं चित्र शरीराची संरक्षणयंत्रणाच यकृतावर उलटावी तसं होतं, आणि बऱ्याच जणांत तशी प्रवृत्ती आधीपासून दबून असावी. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की लोकांनी गुळवेलीची विषारी बहीण वापरली असेल. ती बहीण आहे, आणि तिच्या खोडावर पुटकुळ्या जास्त ठळक, टोकदार असतात. पण वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. तीन दिवसांचं औषध तीन महिने घेणं हा आदिवासी परंपरेचा भाग कधीच नव्हता, ती शहराची भर आहे. थायरॉइड, सांधेवात, सोरायसिस किंवा असा कुठलाही स्वयंप्रतिकाराचा आजार असणाऱ्याने गुळवेलीपासून लांब राहावं.

कुटकीच्या नावात एक सापळा आहे. वैद्याची कुटकी हिमालयातली, ३००० मीटरच्या वरची, जहाल कडू मूळ, एक ते तीन ग्रॅम पूड आणि पोट साफ. १९९७पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, इतकी ती ओरबाडली गेली. आणि पूर्व विदर्भात, गोंड मुलखात कुटकी म्हणजे खायचं बारीक भरडधान्य. आमच्या घाटावर जिला वरई म्हणतात तिची सख्खी. नाव सारखं म्हणून एक पोतं आणि एक पुडी यांत घोळ होतोच.

पण या धान्याचा यकृताशी खरा, आणि भयंकर, संबंध एकदा आला. १९७५च्या सुमाराला सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आदिवासी गावांतून माणसांची पोटं पाण्याने फुगू लागली. ६७ रोगी नोंदले गेले, त्यांतले २८ दगावले. कारण निघालं ते ताटातलं. गोंदली या नावाने तिथे खाल्लं जाणारं हेच बारीक धान्य, त्यात खुळखुळ्याच्या जातीच्या तणाच्या बिया मिसळल्या होत्या. त्या बियांतलं विष यकृतातल्या बारीक शिरा बुजवतं, रक्त तुंबतं आणि पोटात पाणी उतरतं. याच्या एक वर्ष आधी, १९७४मध्ये, राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल या भिल्ल पट्ट्यात पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली. कावीळ, मग जलोदर. ३९७ आजारी, १०६ मृत्यू. घरातली कुत्रीही त्याच मक्याच्या भाकरीने मेली, आणि तिथे शोधाची दिशा मिळाली, कारण विषाणूची कावीळ माणसासह कुत्र्याला एकदम होत नाही.

अशा वेळी पुनर्नवेचा काढा देऊन काय होणार? सूज उतरवणाऱ्या औषधाने कदाचित लघवी वाढेल, पोट चार दिवस हलकं वाटेल, आणि रोगी पुन्हा तेच धान्य खाईल. एका घरातले तीन-चार जण महिन्याभरात पिवळे किंवा पोट फुगलेले दिसले तर आधी कणगी उघडायची. दाणे सुपात पातळ पसरून पाहायचे: मूत्रपिंडाच्या आकाराच्या, चकचकीत, निराळ्या बिया दिसतात का, मक्याच्या कोंबाकडे हिरवट-पिवळी पूड आहे का. धुऊन, उकडून, भाजून हे विष जात नाही. ते धान्य कोंबड्यांनाही घालायचं नाही.

काही उपाय असे की त्यांच्याबद्दल मध्यम भाषा वापरण्यात अर्थ नाही. देवडांगरीचं सुकं फळ रात्री भिजवून सकाळी त्या पाण्याचे दोन थेंब नाकात सोडतात. दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं आणि 'कावीळ निघाली' म्हणतात. ते पाणी म्हणजे भाजलेल्या नाकाच्या त्वचेचा स्राव आहे. यकृतातलं पित्त नाकात यायला वाटच नाही. या थेंबांनी घोळणा फुटतो, आणि यकृत बिघडलेल्या माणसाचं रक्त आधीच उशिरा गोठतं. रुईचा कोंब विड्याच्या पानातून देतात. रुईच्या चिकात हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं आहेत. एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस दुधातून देतात, त्याने सपाटून जुलाब होतात आणि त्या जुलाबांनाच गुण समजतात. मनगटावर तापल्या सळईचा डाग, मेळघाटात तान्ह्या पोरांच्या पोटावर डंबा, म्हणजे तसेच चटके, याबद्दल तर काही सांगायलाच नको.

काविळीची माळ मात्र निरुपद्रवी आणि हुशारीची आहे. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या घट्ट फासांत अडकवून डोक्यात मावेल एवढी माळ करतात. काड्या वाळतात, बारीक होतात, फासातला दोरा ढिला पडतो आणि माळ गळ्यावरून छातीवर, तिथून पोटापर्यंत उतरते. खुंटीला टांगली तरी तितकीच लांब होते. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळं करणं हाही त्यातलाच प्रकार, आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला लागलेला असतो.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट सिकल सेल. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांच्यात हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून अशा मुलाचे डोळे वर्षभर अधूनमधून पिवळसर असतात. घरच्यांना वाटतं, याला सारखी कावीळ होते. मग एरंड, कुटकी, रेचक. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की विळ्याच्या आकाराच्या पेशी शिरांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदनांनी मूल किंचाळतं. 'पुन्हा पुन्हा कावीळ' आणि सोबत हातापायांत कळा, हे दोन्ही ऐकलं की झाडपाला बंद आणि सिकलची तपासणी, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यातून पसरलेल्या साथीत २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. बाकीचे बहुतेक सावरले, गरोदर स्त्रियांना ती सर्वात जड गेली. ती 'ई' होती हे पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तावरून कळलं. शेवटच्या तिमाहीत या विषाणूने दर चार-पाच जणींमागे एक दगावू शकते.

पथ्याचं म्हणाल तर तेल-तिखट कमी, ताकभात, पेज, हे ठीक, कारण मळमळीत तेवढंच जातं. हळद बंद करतात ती निव्वळ रंगाच्या साम्यामुळे. उसाचा रस मात्र खरा घोटाळा: साखर चांगली, पण चरकावरचा बर्फ आणि पेला धुण्याचं पाणी कुठलं? गूळपाणी घरी उकळून थंड केलं तर काम तेच होतं. महिनाभर मीठ-डाळ तोडून माणूस वाळवण्यात शहाणपण नाही. भूक आली की पोटभर जेवू द्यावं. दारू, मोहाची असो की आणखी कुठली, सहा महिने नाही. आणि आसव-अरिष्टांच्या बाटलीत आपसूक तयार झालेलं मद्य असतं, हेही घरात माहीत असावं.

जाणत्या वैदूची खूण अशी की तो काही रोगी परत पाठवतो. शौच पांढरं मातकट, अंगाला खाज आणि लघवी काळ्या चहासारखी, म्हणजे पित्ताची वाट खड्याने किंवा गाठीने अडली, तिथे पाला चालत नाही. झोपेचं वेळापत्रक उलटं झालं, रोगी असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, उलटी थांबेना, की गाडी बोलवायची. बिलिरुबिन (पिवळेपणाचं माप) आणि एसजीपीटी (यकृताच्या इजेचं माप) सगळे करतात, पण रक्त गोठण्याची तपासणी, पीटी-आयएनआर, ही त्याहून जास्त सांगते. आयएनआर १.५च्या वर गेला तर घरी थांबू नये.

झाडपाला घ्यायचाच असेल तर आधी रक्त द्या, मग घ्या. डॉक्टरपासून लपवू नका. दिलेल्या वनस्पतीची एक पूर्ण फांदी, पानं-फुलं-फळांसकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा, वर तारीख आणि कुठून आणली ते लिहा. पूड असेल तर दोन चमचे कोरड्या बाटलीत. पुढे काही बिनसलं तर 'कसला तरी पाला होता' एवढ्यावर कुणालाही काही शोधता येत नाही, त्या घडीतल्या फांदीवरून येतं.